माझ्या आईवडिलांचे नाशिक

आपल्या मंडळातील पुष्कळ भगिनींचे आईवडील घाटावरून मुंबईकडे आलेले आहेत. कोणाचे गाव नगर, कोणाचे सातारा, कोणाचे जळगाव. आपण स्वतः वाढलो त्या मुलुंड-भांडुपच्या चाळींत. परंतु रात्री जेवताना ज्या गावाच्या गोष्टी कानांवर पडल्या, ते गाव निराळेच होते. आमच्या घरी ते गाव म्हणजे नाशिक. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. नाना १९१८ सालचे, आई १९२२ सालची. दोघांचेही बालपण नाशकात गेले. १९४१ साली त्यांचे लग्न झाले, नानांना मुंबईस नोकरी लागली, आणि बिऱ्हाड हलले ते कायमचेच.

नाशिकला मी तशी अनेकदा गेले आहे. लग्नामुंजींना गेले, देवदर्शनास गेले, नानांच्या आणि पुढे आईच्या अस्थी घेऊन रामकुंडावरही गेले. परंतु आईवडिलांचे गाव पाहावयाचे, एवढ्याच हेतूने गेले ती आता सत्तरी उलटल्यावर. धाकट्या बहिणीला बरोबर घेतले आणि चार दिवस आम्ही दोघी त्या गावात पायी हिंडलो. त्या चार दिवसांचे प्रवासवर्णन येथे करावयाचे नाही. आईवडिलांनी गोष्टींतून दिलेले गाव आणि इतिहासात नोंदलेले गाव, ही दोन्ही शेजारी शेजारी मांडून पाहिली म्हणजे काय दिसते, तेवढे सांगावयाचे आहे.

नाशिकला गोदावरीचे दोन काठ आहेत. उजव्या काठावर जुने नाशिक: मेन रोड, भद्रकाली, सरकारवाडा, भांडी बाजार. डाव्या काठावर पंचवटी: रामकुंड, काळाराम, सीतागुंफा. मोगलांच्या अमलात या गावास गुलशनाबाद म्हणत. पेशवाईत पुन्हा नाशिक हे नाव रूढ झाले. १८१८ साली गाव इंग्रजांकडे गेले, १८६४ साली नगरपालिका झाली, १८६९ साली स्वतंत्र जिल्हा झाला. दोन्ही काठांना जोडणारा दगडी पूल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला. आईनाना त्याला शेवटपर्यंत ‘व्हिक्टोरिया पूल’ म्हणत. आता तो अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखला जातो. नानांचे घर पुलाच्या अलीकडे, भद्रकालीच्या बाजूस; आईचे पलीकडे, पंचवटीत. त्यामुळे आमच्या घरात गोष्टीही दोन काठांच्या असत.

प्रथम नानांचा काठ.

नानांच्या बोलण्यात सर्वांत आधी येई ती ट्राम. आजच्या मुलांना खरे वाटणार नाही, परंतु नाशकात घोड्यांची ट्राम होती. रेल्वे गावापासून दूर, नाशिकरोडला. मध्ये तीनचार कोसांचे रान. म्हणून १८८९ च्या सुमारास मेन रोडवरील नगरपालिकेच्या जुन्या इमारतीपासून स्टेशनापर्यंत ट्रामची लोहवाट घातली गेली. दोन डबे आणि ओढावयास चार घोडे. प्लेगाच्या आणि दुष्काळाच्या वर्षांनी कंपनीस तोटा आला आणि १९३० नंतर थोड्याच वर्षांत ही ट्राम बंद पडली. नानांनी ती लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली. आमचे आजोबा नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात कारकून होते आणि ते त्या ट्रामने कामावर जात, हे सांगताना नाना दरवेळी घोड्यांच्या टापांचा आवाज तोंडाने काढून दाखवीत.

तो छापखानाही नानांच्या अभिमानाचा विषय होता. तोपर्यंत आपल्या देशाची टपालतिकिटे लंडनहून छापून येत. १९२५ साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि तिकिटे येथेच छापली जाऊ लागली. १९२८ साली नोटांचा छापखाना सुरू झाला. स्वातंत्र्यानंतरचे ‘जय हिंद’ अक्षरे असलेले, तिरंग्याचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले, तेही नाशकातच छापलेले. घरी पत्र आले की नाना आधी तिकीट न्याहाळीत आणि मग पत्र वाचीत.

तिसरी गोष्ट सिनेमाची. “अरे, सिनेमा नाशकाचा!” असे नाना म्हणत. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांनी मुंबईस दादरला केला, परंतु लगोलग त्यांनी आपला सर्व संसार नाशकास हलविला. १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी येथेच स्थापन झाली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी दादासाहेब वारले तेही नाशकातच. हे सर्व नानांनी सांगितलेले खरेच आहे. मात्र त्यांच्या गोष्टीत फाळके एकटेच असत. सरस्वतीबाई फाळके त्या गोष्टीत कधी आल्या नाहीत. चित्रपटासाठी अंगावरचे दागिने सरस्वतीबाईंनी दिले. कोऱ्या फिल्मला कडेची भोके पाडणे, रात्री अंधाऱ्या खोलीत ती फिल्म धुणे, ही कामे त्यांनी शिकून घेतली. आणि दिवसा कंपनीच्या सर्व माणसांचा स्वयंपाकही त्याच करीत. पहिल्या चित्रपटात तारामतीचे काम करावयास स्त्री मिळाली नाही, तेव्हा ते एका पुरुषाने केले. नाशकात झालेल्या ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघी मायलेकी पडद्यावर आल्या. पडद्यावर आलेल्या आपल्याकडच्या त्या पहिल्या स्त्रिया. कमलाबाईंचे वय तेव्हा अवघे तेरा-चौदा. म्हणजे नाशिकच्या सिनेमाची गोष्ट निम्मी तरी बायकांची आहे. ती निम्मी आमच्या घरापर्यंत पोहोचलीच नव्हती.

चौथी गोष्ट विजयानंद नाटकगृहाची. नानांच्या जन्माआधी नऊ वर्षे, २१ डिसेंबर १९०९ रोजी, तेथे नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपाप्रीत्यर्थ नाटक लावलेले होते. नाटक पाहावयास आलेल्या जॅक्सनवर अनंत लक्ष्मण कान्हेरे या कोवळ्या तरुणाने गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना फाशी झाली. नानांच्या लहानपणी वडीलमाणसे हे सारे दबल्या आवाजात बोलत आणि पोरे दाराआडून ऐकत. ऐकलेले आम्हांला सांगतानाही नानांचा आवाज आपोआप खाली जाई.

विजयानंदसमोर उभी राहून मी बहिणीला विचारले, “त्या रात्री नाटक कोणते होते, ठाऊक आहे का?” नाटक होते देवलांचे ‘शारदा’. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे. ज्या रात्रीने नाशिकचे नाव देशभर गेले, त्या रात्री रंगभूमीवर एका मुलीचे दुःख चालू होते. आणि त्या प्रकरणाच्या मागे घरात राहिलेल्या बायका? त्याच वर्षी जूनमध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. त्यांच्या पत्नी यशोदाबाई, म्हणजे येसूवहिनी. त्यांनी नाशकात आत्मनिष्ठ युवती संघ नावाचा स्त्रियांचा मेळा चालविला होता. पतीला शिक्षा झाली, घरदार गेले, दीर अंदमानात गेले; आणि पतीची पुन्हा भेट न होताच १९१९ साली येसूवहिनी वारल्या. बाबाराव सुटले ते १९२२ साली. राजकारणाविषयी आपणा भगिनींत मते निरनिराळी असतील, आणि ती असावीत. परंतु दहा वर्षे वाट पाहून वारलेल्या त्या बाईची आठवण कोणत्याही मताच्या घरात निघावयास हरकत नाही. आमच्या घरात तिचे नाव मी एकदाही ऐकले नाही.

नानांनी काही लपविले असे मला म्हणावयाचे नाही. त्यांना जे सांगण्यात आले, तेच त्यांनी आम्हांला सांगितले. मुलग्याच्या हाती गाव आले ते ट्राम, छापखाना, सिनेमा आणि पिस्तूल अशा रूपात आले, इतकेच.

आता पूल ओलांडून आईच्या काठाला येऊ.

आईच्या गोष्टी नदीच्या असत. नारोशंकराच्या देवळाची मोठी घंटा, वसईच्या १७३९ च्या विजयाची आठवण सांगणारी. पुराचे पाणी त्या घंटेपर्यंत चढले म्हणजे गावाची धडगत नाही, असे पंचवटीतल्या बायका म्हणत. नदीच्या पात्रात दोन्ही दिशांना तोंड असलेला दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, असा पूर मोजावयाचा. काठीच्या खुणा कोणी पाहत नसे. १९६९ सालच्या सप्टेंबरात नाशकास महापूर आला. तेव्हा आम्ही मुंबईत. वर्तमानपत्र हाती पडताच आईने विचारले ते एवढेच, “दुतोंड्या बुडाला का?” अठ्ठावीस वर्षे मुंबईत राहूनही तिचे पुराचे माप तेच राहिले होते.

दुसरी आठवण भांड्यांची. नाशिकची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध. तांबट आळीतून जाताना ठोक्यांच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसे, असे आई सांगे. तिच्या लग्नात मामाने दिलेला पितळी डबा आजही माझ्याकडे आहे. त्यावर ठोक्यांनी घातलेले नाव आहे: ‘चि. सौ. कां.’ आणि पुढे आईचे माहेरचे नाव, ‘हिस मामाकडून, वैशाख शके १८६३.’ हा डबा मी वर्षानुवर्षे पोह्यांसाठी वापरला. त्यावरील अक्षरांचे मोल मला रामकुंडावर कळले, ते असे.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात, हे आपणांस ठाऊक असेलच. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की उपाध्ये बरोबर ती वही काढतात. कोण केव्हा आले, कोणाच्या अस्थी आणल्या, बरोबर कोण होते, मुले किती, हे सर्व त्यात लिहिलेले. जुनी पाने मोडीत, पुढची बाळबोधात. आमच्या घराण्याचे पान निघाले. पणजोबा कोकणातून आले होते, ती नोंद मोडीत. खाली आजोबांचे अक्षर. त्याखाली नानांची सही, अठराव्या वर्षाची, जरा मोठ्या डौलात केलेली. बहिणीच्या आणि माझ्या दोघींच्याही डोळ्यांना पाणी आले. आईवडील गेल्यावर त्यांचे तरुणपणीचे अक्षर अचानक समोर येणे म्हणजे काय, हे ज्यांना अनुभव आहे त्यांना सांगावयास नको.

मग आम्ही आईला शोधू लागलो. ती सापडली, परंतु नानांच्या नावाखाली, ‘पत्नी’ म्हणून, सासरच्या नावाने. तिच्या माहेरचेही पान उपाध्यायांनी शोधून दिले. त्यावर तिचे वडील होते, चुलते होते, तिचे दोन्ही भाऊ होते. ती नव्हती. आम्ही पाहिलेल्या पानांवर लेकींची नावे लिहिण्याची रीत नव्हती. ज्या मुलीने सबंध बालपण त्या घाटाच्या पायऱ्यांवर घालविले, तिचे तेव्हाचे नाव त्या काठावर कोठे लिहिलेले नाही. ते लिहिलेले आहे फक्त माझ्या पोह्यांच्या डब्यावर. उपाध्यायांना दोष देण्यात अर्थ नाही. वही यजमानाच्या वंशाची. ती आपल्या नियमाने चालते. परंतु केवळ वहीवर विसंबून कोणी गाव जाणू म्हणेल, तर निम्मे गाव त्याच्या हाती लागणार नाही.

आईची तिसरी आठवण काळारामाची, आणि या लेखात खरे सांगावयाचे आहे ते येथेच.

काळारामाचे मंदिर सरदार रंगराव ओढेकर यांनी १७८२ च्या सुमारास बांधले. रामशेजच्या डोंगरातला काळा दगड, दोन हजार माणसे, बारा वर्षे आणि तेवीस लाख रुपये खर्च, असे सांगतात. भोवती उंच तट आणि चार दिशांना चार दरवाजे. चैत्रात वासंतिक नवरात्र, रामनवमी, आणि एकादशीला रामरथ व गरुडरथ गावातून निघतात. आईचे घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. आरतीची घंटा घरात ऐकू येई. नवरात्राची सजावट, पन्हे, रथापुढची गर्दी यांचे वर्णन ती इतके बारकाईने करी की ते देऊळ न पाहताच आम्हां मुलांना पाठ झाले होते.

या सर्व वर्णनांत एक वाक्य अधूनमधून येई: “मी आठ वर्षांची असताना वर्षभर देऊळ बंद होते. आम्हांला जाता आले नाही.” एवढेच. का बंद होते, हे तिने कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. डागडुजी असेल, साथ असेल, असे वाटून जाई.

आई आठ वर्षांची म्हणजे १९३० साल. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. गांधीजी दांडीस निघाले ते त्यानंतर दहा दिवसांनी. नाशिकची सर्व व्यवस्था पाहावयास दादासाहेब गायकवाड होते. जिल्ह्याजिल्ह्यांतून हजारो माणसे आली होती. मिरवणूक शांतपणे मंदिराशी आली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटावर गेली, तेथे सभा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रही चारही दरवाज्यांसमोर बसू लागले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. ९ एप्रिलला, रथाच्या दिवशी, रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढावा असे ठरले होते. परंतु ते पाळले गेले नाही. रथ परस्पर पळविण्यात आला, दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. त्यानंतर मंदिर वर्षभर बंद राहिले आणि सत्याग्रह पुढे पाच वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली; १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ते आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध झाले. मंदिरांची दारे सर्वांना उघडणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९४७ साली. दारे उघडली तेव्हा, ज्यांच्यासाठी ती उघडावयाची होती त्यांतील पुष्कळांनी त्या दाराकडे पाठ फिरविली होती.

म्हणजे आई जे वाक्य सांगे त्याचा अर्थ हा. हाकेच्या अंतरावर, तिच्या रोजच्या वाटेवर, माणसे महिनोनमहिने उन्हापावसात बसली होती. आठ वर्षांच्या मुलीला हे दिसले नसेल असे होणार नाही. घरात काय बोलणे झाले असेल याचा तर्क मी करू शकते. आमच्या आजोळची माणसे दरवाज्याच्या आतल्या बाजूची होती, हे उघड आहे. मुलींना त्या दिवसांत बाहेर सोडले नसेल, “तिकडे पाहू नकोस” म्हणून सांगितले असेल. आणि त्या मुलीच्या मनात शिल्लक राहिले ते एवढेच, की वर्षभर आम्हांला जाता आले नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जाता आले नव्हते, त्यांची गोष्ट त्या ‘आम्हांला’ मध्ये नव्हती.

मंदिराच्या पूर्व दरवाज्यापाशी आम्ही दोघी बराच वेळ उभ्या होतो. येणारेजाणारे दर्शनास जात होते, फुलवाल्या बसल्या होत्या. बहीण म्हणाली, “ताई, पंचवीस म्हणजे आपल्या मंडळाच्या महिन्याच्या सभेला येतात तेवढ्याच ग.” तिचे म्हणणे माझ्या मनात रुतून बसले. आपल्या सभेला येतात तेवढ्याच बायका, लेकरे घरी ठेवून वा काखेला घेऊन, अंगावर दगड येतील हे जाणून, बंद दरवाज्यासमोर बसल्या. त्यांत पंचवीस-तीस वर्षांच्या असतील, माझ्या आजीएवढ्या असतील. आईच्या खिडकीपासून त्या किती अंतरावर होत्या, हे आम्ही पावले टाकून मोजले. तीनशेही भरली नाहीत.

तो दिवस मावळल्यावर आम्ही दोघी फारसे बोललो नाही. आईवर रागवावे, असे मला वाटले नाही. आठ वर्षांच्या मुलीवर कोण रागवेल? परंतु आईने दिलेले काळारामाचे वर्णन जसेच्या तसे नातवंडांना द्यावे, असेही वाटेना. पन्हे आणि सजावट द्यावी आणि दरवाज्याबाहेरची माणसे वगळावी, तर आपणही पुढच्या पिढीला निम्मेच गाव देऊ.

मग कसे सांगावे? आईवडिलांचा मान राखून, तरी न झाकता? याचे उत्तर नाशिकच्याच एका लेकीने देऊन ठेवले आहे. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या खेड्यात जन्मल्या. अकराव्या वर्षी लग्न झाले. शाळा अशी लाभलीच नाही. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पाच वर्षांनी लक्ष्मीबाईही झाल्या, आणि १९३६ साली नाशकातच त्या वारल्या. अखेरच्या काळात त्यांची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकात त्यांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वेड सांगितले आहे. त्यापायी घरच्या माणसांचे किती हाल झाले, हेही सांगितले आहे. परंतु वाचताना वडिलांविषयी तिरस्कार वाटत नाही. लेक हसतहसत सांगते, मायेने सांगते, आणि तरी एकही गोष्ट गाळीत नाही. पतीविषयी तेच, स्वतःविषयीही तेच. पूर्वी सोवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई पुढे सर्व जातींच्या मुलांना आई झाली, ती वडिलांना विसरून नव्हे.

आणि दरवाज्याबाहेरच्या बायकांची गोष्ट? तीही बायकांनीच जमविली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी गावोगाव जाऊन, आंबेडकरी चळवळीत भाग घेतलेल्या स्त्रियांना गाठून त्यांच्या आठवणी टिपल्या आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तोपर्यंत त्यांतल्या अनेकजणी म्हाताऱ्या झाल्या होत्या. आणखी दहा वर्षे कोणी विचारावयास गेले नसते, तर पुष्कळ काही त्यांच्याबरोबरच गेले असते. माझ्या आईने जे खिडकीतून पाहिले असेल, ते त्यांनी रस्त्यावरून पाहिले होते. एका गावाच्या या दोन आठवणी. इतकी वर्षे त्यांची एकमेकींशी गाठच पडली नव्हती.

शेवटच्या दिवशी आम्ही सार्वजनिक वाचनालयात गेलो. १८४० साली स्थापन झालेली ही संस्था महाराष्ट्रातील फार जुन्या वाचनालयांपैकी एक. नाना शाळेत असताना तेथे जाऊन बसत. तेथे पुस्तके चाळताना माझ्या मनात एक विचार आला, तो आपणांपुढे ठेवते आणि लेख पुरा करते.

आपल्या मंडळात आज सत्तरी-ऐंशीच्या कितीतरी भगिनी आहेत. प्रत्येकीजवळ आईवडिलांचे एक गाव आहे, आणि त्या गावाविषयी आईने पुनःपुन्हा सांगितलेले, परंतु कधीच न उलगडलेले असे एखादे वाक्य आहे. ‘त्या साली आम्ही विहीर बदलली.’ ‘त्या घरी आम्ही जात नसू.’ ‘ती मावशी मग आली नाही.’ अशा वाक्यांपाशी थांबावे, असे मला वाटते. शक्य असेल तर त्या गावी जावे. देवदर्शनाबरोबर एखादा दिवस गल्ल्यांत हिंडावे. वाचनालयात बसून त्या सालात गावात काय घडले ते पाहावे. आणि जी माणसे त्या वाक्यात नाहीत, त्यांच्या लेकीसुनांना विचारावे. त्या कदाचित आपल्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहत असतील.

जे कळेल ते लिहून ठेवावे. त्यासाठी मंडळाने एक जाड बांधणीची वही करावी, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. तिच्यात प्रत्येकीने आपल्या आईचे नाव लिहावे: माहेरचे आणि सासरचे, दोन्ही. खाली गाव, साल, आणि आठवण. पहिल्या पानासाठी मी माझ्या आईचे नाव डब्यावरून उतरवून घेतले आहे.